बिऱ्हाड बदलले, भांडी तीच

पुण्यात अक्षरजुळणीचे काम करणारे एक काका माझ्या परिचयाचे आहेत. त्यांच्या दुकानात तीन नवे संगणक आहेत आणि कोपऱ्यात, जुन्या साडीच्या तुकड्याने झाकलेला, चौथा. हा चौथा विंडोज एक्सपीवर चालतो. त्याला इंटरनेट जोडलेले नाही आणि काका जोडूही देत नाहीत, कारण एक्सपीची डागडुजी मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली. त्या यंत्रावर पेजमेकर आहे, मराठी टंकनाचे एक जुने पॅकेज आहे आणि मागच्या बाजूला, प्रिंटरची केबल जिथे लावत तिथे, काडेपेटीएवढे एक 'लॉक' खोचलेले आहे. ते काढले की मराठी टंकन बंद. पॅकेज चोरून वापरले जाऊ नये म्हणून तेव्हा असे लॉक देत असत. नव्या संगणकांना ती जागाच नसते.

गेल्या वर्षी एका छोट्या प्रकाशकाला २००१ सालच्या दिवाळी अंकात आलेली एक दीर्घकथा पुस्तकरूपाने काढायची होती. अंक काकांनीच जुळवला होता, सीडीही त्यांनी जपून ठेवली होती. पण नेमके त्या आठवड्यात चौथ्या संगणकाने डोळे मिटले. "मशीन नवीन घेता येईल हो," काका म्हणाले, "पण त्यावर हे चालणार नाही. मग माझी पंधरा वर्षांची कामं कुठे उघडायची?"

या प्रश्नाला साठ वर्षांहून मोठा इतिहास आहे. माणूस यंत्र बदलतो, ऑपरेटिंग सिस्टीम बदलतो, क्वचित ती त्याच्यावर लादली जाते. पण हाताला सवय झालेला प्रोग्रॅम आणि त्यात साठलेले काम त्याला सोबत हवे असते. बिऱ्हाड हलवताना भिंती मागे राहिल्या तरी चालतात, भांडी मागे ठेवत नाहीत. ही भांडी नव्या घरात कशी आणि कोणाच्या मर्जीने आली, त्याची ही हकीकत आहे.

आधी एक साधी गोष्ट सांगायला हवी. प्रोग्रॅम एकटा कधीच काम करत नाही. फाइल उघड, पडद्यावर चौकट काढ, या जागी हे अक्षर उमटव, अशा शेकडो मागण्या तो घटकेघटकेला ऑपरेटिंग सिस्टीमकडे करत असतो. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्रॅम या मागण्या विंडोजच्या बोलीत करतो. लिनक्सला किंवा मॅकला ती बोली कळत नाही. शिवाय प्रोसेसरच वेगळ्या जातीचा असेल तर प्रोग्रॅममधले मूळ आदेशही कळत नाहीत. यावर दोन उपाय निघाले. एक, नव्या यंत्रात जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल उभी करायची. दुसरा, प्रोसेसर तोच असेल तर फक्त मागण्यांसाठी मध्ये दुभाषा बसवायचा. पहिल्या उपायाला नाव मिळाले आयबीएमच्या प्रयोगशाळेत.

आयबीएमने १९५९ मध्ये १४०१ नावाचा संगणक बाजारात आणला. बँका, विमा कंपन्या, कारखाने यांचे पगारपत्रक आणि हिशेब त्यावर चालत. त्या काळात एखाद्या संगणकाचे हजार नग खपले तरी मोठी गोष्ट होती. १४०१ ने दहा हजारांचा टप्पा ओलांडला. मग ७ एप्रिल १९६४ रोजी कंपनीने सिस्टीम/३६० ही नवी मालिका जाहीर केली. लहान-मोठी सगळी यंत्रे एकाच आदेशसंचावर चालणारी, ही तिची थोरवी. पण तो आदेशसंच आयबीएमच्याच आधीच्या यंत्रांशी जुळत नव्हता. म्हणजे हजारो ग्राहकांनी वर्षानुवर्षे लिहून घेतलेले प्रोग्रॅम एका दिवसात परके.

ही फट प्रतिस्पर्ध्याने आधीच हेरली होती. हनीवेल कंपनीने डिसेंबर १९६३ मध्ये हनीवेल २०० हे यंत्र आणले आणि सोबत १४०१ चे प्रोग्रॅम आपल्या यंत्रावर आणणारे एक साधन दिले. त्याचे नाव 'लिबरेटर', म्हणजे मुक्तिदाता. नावातच टोमणा होता. आयबीएमपुढे संकट उभे राहिले, कारण ग्राहकाला नवीन काही शिकायचेच असेल तर तो दुसऱ्या दुकानातही शिकू शकतो. त्यावर त्यांच्या अभियंत्यांनी काढलेला तोडगा असा: ३६० मालिकेतल्या यंत्रांत प्रोसेसरच्या आतल्या पातळीवर सूक्ष्म आदेशांचा एक संच असे. त्यातच १४०१ चे आदेश समजण्याची सोय बसवली. यंत्र ३६० चे, पण आज्ञा दिली की वागणे १४०१ चे. या युक्तीला त्यांनी 'एम्युलेटर' हा शब्द योजला आणि तो आजवर टिकला. पुष्कळ ग्राहकांनी नवे महागडे यंत्र घेतले आणि त्यावर बराच काळ जुनेच प्रोग्रॅम चालवले. विक्रीच्या दृष्टीने आयबीएमची त्याला मुळीच हरकत नव्हती.

आपल्याकडे याच यंत्राची कथा निराळी आहे. अमेरिकेत निवृत्त होत असलेली १४०१ यंत्रे आयबीएमने दुरुस्त-बिरुस्त करून भारतात आणली आणि भाड्याने दिली. तिकडे जुना प्रोग्रॅम नव्या यंत्रात शिरला, इकडे जुने यंत्रच राहिले. १९७८ मध्ये आयबीएम भारतातून बाहेर पडली, तेव्हा मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीकडे आली. नाव पाहा, देखभाल हेच तिचे नाव. काकांच्या साडीखालच्या संगणकाचे घराणे मला तिथून सुरू झालेले दिसते.

जुना प्रोग्रॅम चालवून दाखवण्याचे वचन ग्राहकाला ओढून आणते, हा धडा आयबीएमने गिरवला. तो तिच्याच अंगावर उलटला पंचवीस-तीस वर्षांनी. ओएस/२ ही ऑपरेटिंग सिस्टीम आयबीएम आणि मायक्रोसॉफ्टने मिळून सुरू केली होती. पुढे दोघांचे फाटले. मायक्रोसॉफ्ट विंडोज घेऊन निघाली आणि आयबीएमने १९९२ मध्ये ओएस/२ ची दुसरी आवृत्ती एकटीने काढली. तिची जाहिरातच अशी होती की हा डॉसपेक्षा चांगला डॉस आहे आणि विंडोजपेक्षा चांगले विंडोज. ती खोटीही नव्हती. डॉसचे आणि तेव्हाच्या विंडोजचे प्रोग्रॅम ओएस/२ वर नीट चालत. एक कोसळला तरी बाकीचे उभे राहत, हे खुद्द विंडोजला तेव्हा जमत नव्हते.

पण सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपनीच्या बाजूने विचार करून पाहा. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दोन्हीकडे चालतो, ओएस/२ साठी लिहिलेला एकीकडेच. मग ओएस/२ साठी वेगळे कष्ट कशाला? परिणाम असा झाला की ओएस/२ चे स्वतःचे म्हणावे असे प्रोग्रॅम फारसे निघालेच नाहीत. १९९५ मध्ये विंडोजने बोली बदलली, नवे ३२ बिटी प्रोग्रॅम येऊ लागले आणि ते ओएस/२ ला कळेनात. पाहुण्यांसाठी बांधलेल्या घरात पाहुणे यायचे थांबले. ओएस/२ च्या पराभवाची दुसरीही कारणे आहेत: तिला लागणारी महागडी मेमरी, आयबीएमचे विस्कळीत धोरण, नव्या संगणकांत आधीच भरून येणारे विंडोज. तरीही परक्या प्रोग्रॅमला उत्तम आसरा देण्याने आपल्याच भाषेची वाढ खुंटते, ही गोष्ट इतकी स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. २००६ अखेर आयबीएमने ओएस/२ ची सेवा बंद केली.

मायक्रोसॉफ्टने स्वतः काय केले, त्याचा एक मासला प्रोग्रॅमर-लेखक जोएल स्पोल्स्की यांनी नोंदवला आहे. 'सिमसिटी' या शहर वसवण्याच्या लोकप्रिय खेळात एक चूक होती. वापरून परत केलेली मेमरी तो लगेच पुन्हा वाचत असे. जुन्या विंडोजवर हे खपून जाई. विंडोज ९५ वर खेळ कोसळला असता. तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी विंडोज ९५ मध्येच अशी तरतूद केली की सिमसिटी चालू आहे असे दिसले तर मेमरी परत घेण्याची घाई करायची नाही. चूक खेळाची, दुरुस्ती घरमालकाची. लोक नवी विंडोज घेऊन घरी गेले आणि आवडता खेळ बंद पडला तर ते दोष खेळाला देणार नाहीत, विंडोजला देतील, हे त्यांना पक्के ठाऊक होते. अॅपलची रीत याच्या उलट. १९९४, २००६ आणि २०२० अशी तीनदा तिने मॅकची प्रोसेसरची जात बदलली. दर वेळी जुने प्रोग्रॅम चालवणारा पूल बांधला. त्यांतला २००६ चा, 'रोझेटा' नावाचा, पाचच वर्षांत, २०११ च्या आवृत्तीबरोबर, काढून टाकला. २०१९ मध्ये तर ३२ बिटी प्रोग्रॅम सरसकट बाद केले. पूल बांधणाऱ्यालाच तो कधी पाडायचा ते ठरवता येते. ग्राहकाला फक्त तारीख कळवली जाते.

म्हणून मला या इतिहासातले सर्वांत मोलाचे प्रकरण कंपन्यांचे वाटत नाही. ते आहे 'वाइन' या प्रकल्पाचे.

१९९३ मध्ये लिनक्स जेमतेम दोन वर्षांचे पोर होते. बॉब अॅमस्टॅट यांनी लिनक्सवर विंडोज ३.१ चे प्रोग्रॅम चालवण्याची खटपट सुरू केली. सन मायक्रोसिस्टिम्सने 'वाबी' नावाने असाच प्रयोग केला होता, पण तो कंपनीचा विकाऊ माल होता. अॅमस्टॅट यांचे काम खुले होते, कोणीही हातभार लावावा असे. पुढच्याच वर्षी प्रकल्पाची सूत्रे अलेक्झांडर ज्युलियार यांच्याकडे आली आणि तीन दशके उलटली तरी त्यांच्याकडेच आहेत. 'वाइन' या नावाची फोड 'वाइन इज नॉट अॅन एम्युलेटर' अशी केली जाते. ही निव्वळ शब्दांची गंमत नाही. वाइन यंत्राची नक्कल करत नाही. विंडोजचा प्रोग्रॅम आहे तसा प्रोसेसरवर धावतो. तो विंडोजकडे जी मागणी करतो ती वाइन मधल्यामध्ये घेतो आणि लिनक्सच्या बोलीत पुढे करतो. प्रोग्रॅमला हवा असलेला 'सी ड्राइव्ह' म्हणजे वास्तविक एक साधा फोल्डर. त्यात विंडोजचे म्हणून जे जे लागते ते सारे वाइनच्या लोकांनी नव्याने लिहिलेले असते.

सांगायला हे सोपे आहे. करायला कठीण अशासाठी की विंडोजची छापील नियमावली एक आणि तिचे प्रत्यक्ष वागणे दुसरे. अमुक मागणी चुकीची आली तर उत्तर काय मिळेल, हे पुष्कळदा कुठेच लिहिलेले नसते. आणि प्रोग्रॅम लिहिणारे नेमके अशाच अलिखित वागण्यावर विसंबून बसलेले असतात. मायक्रोसॉफ्टचा मूळ मजकूर पाहायचा नाही, हा प्रकल्पाचा कडक दंडक. ज्याने तो कोठे पाहिला असेल त्याचे योगदानही घेत नाहीत, कारण उद्या चोरीचा आळ नको. मग उरते एकच वाट. छोटे छोटे चाचणी-प्रोग्रॅम लिहायचे, ते खऱ्या विंडोजवर चालवायचे, उत्तर टिपायचे आणि वाइनकडूनही तेच उत्तर येईपर्यंत झगडायचे. मूळ चुकत असेल तर वाइननेही तसेच चुकले पाहिजे. जुन्या पोथीची नक्कल करणारा लेखनिक मूळ प्रतीतला अपपाठही इमानाने उतरवतो, त्यातला हा प्रकार.

वाइनची १.० आवृत्ती निघाली १७ जून २००८ रोजी. म्हणजे पंधरा वर्षे लागली. त्या आवृत्तीसाठी त्यांनी स्वतःला घातलेली अट पाहिली की कामाचा अंदाज येतो: फोटोशॉप सीएस२ आणि वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंटच्या फाइली नुसत्या दाखवणारे मायक्रोसॉफ्टचे मोफत प्रोग्रॅम, एवढे नीट चालले पाहिजेत.

मधल्या काळात पैसेवाले येऊन गेले. वर्डपरफेक्टची मालक कोरेल कंपनी हिने २००० साली आपला ऑफिस-संच लिनक्सवर आणला तो वाइनच्या आधारे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने कोरेलमध्ये साडेतेरा कोटी डॉलर गुंतवले आणि थोड्याच काळात कोरेलने लिनक्सचा नाद सोडला. दोन घटनांचा कार्यकारणसंबंध ज्याने त्याने ठरवावा. दुसरी एक कंपनी वाइनचा मजकूर घेऊन खेळ चालवण्याची आवृत्ती विकू लागली आणि आपल्या सुधारणा मात्र परत देईना. तेव्हा मार्च २००२ मध्ये वाइनने आपला परवाना बदलला: घ्या, पण वाइनमध्ये केलेला बदल परत खुला करा. कोडवीव्हर्स ही कंपनी ती अट पाळून वाइनवरच उभी राहिली, आणि वाइनचा बराच भार आजही तीच वाहते.

दुसऱ्याच्या सिस्टीमची बोली आपण नव्याने घडवून बोलणे कायद्याला मान्य आहे का, हा प्रश्न इतकी वर्षे डोक्यावर टांगलेला होता. त्याला जवळचे उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२१ रोजी दिले. खटला ओरॅकल आणि गूगल यांचा, विषय जावा या भाषेतल्या मागण्यांच्या नावांचा आणि रचनेचा. त्या नावांवर मुळात मालकी हक्क असतो का, हे न्यायालयाने ठरवले नाही. पण गूगलने ती वापरली हा न्याय्य वापर आहे, असा निकाल सहा विरुद्ध दोन मतांनी दिला. खटला वाइनचा नव्हता, तरी वाइनसारखे काम करणाऱ्यांना त्याने थोडा श्वास मिळाला.

वाइनला खरे बळ आले ते मात्र खेळांमुळे. संगणकीय खेळ विकणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये वाइनवर बेतलेले 'प्रोटॉन' आणले. २०२२ मध्ये तिचे 'स्टीम डेक' हे हातात धरून खेळायचे यंत्र आले. ते लिनक्सवर चालते आणि त्यावर खेळले जाणारे बहुतेक खेळ विंडोजसाठी लिहिलेले असतात. हजारो तरुणांना आपण लिनक्स वापरतो आहोत याचा पत्ताही नसतो. पण इथे ओएस/२ ची सावली पुन्हा पडते. विंडोजसाठी केलेला खेळ लिनक्सवर आपोआप चालत असेल तर लिनक्ससाठी वेगळा खेळ कोण करील? वाइनच्या बाजूने एवढेच म्हणता येते की ओएस/२ ला विंडोज बदलल्याबरोबर धाप लागली. वाइन तीस वर्षे मागून धावतो आहे आणि अजून दमलेला नाही.

दुभाषा सगळीकडे पुरत नाही, हे जर्मनीतल्या म्युनिक शहराने अनुभवले. २००३ मध्ये नगर परिषदेने आपले संगणक लिनक्सवर नेण्याचे ठरवले. तो निर्णय फिरवावा म्हणून मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर सुट्टी अर्धवट टाकून महापौर क्रिस्टियान उडे यांना भेटायला गेले होते. निर्णय फिरला नाही. २०१३ पर्यंत सुमारे पंधरा हजार संगणक लिनक्सवर गेले. अडचण ऑपरेटिंग सिस्टीमची फारशी नव्हती. अडचण होती प्रत्येक खात्याने वर्षानुवर्षे रचलेल्या पत्रांच्या नमुन्यांची, त्यांत दडवलेल्या छोट्या मॅक्रोंची आणि फक्त विंडोजवरच चालणाऱ्या खास खातेनिहाय प्रोग्रॅमांची. नमुन्यांसाठी त्यांना 'वोलमुक्स' नावाचे साधन स्वतः लिहावे लागले. कारकुनांच्या तक्रारी संपल्या नाहीत, सत्ता बदलली आणि २०१७ मध्ये परिषदेने विंडोजकडे परतायचे ठरवले. यात राजकारण किती आणि तांत्रिक अडचण किती, यावर तिथे अजून वाद आहे. मला त्यात आपल्याकडची तालुका कचेरी दिसते. साहेब बदलतील, नमुना बदलायचा नाही.

आता आपल्या लिपीकडे येऊ. वर सांगितलेल्या दुभाष्याचा एक अस्सल भारतीय अवतार पुण्यात घडला आहे. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरला मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'जिस्ट' हे तंत्र तयार केले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली तेव्हा ते काम तिकडे आले. जिस्टचे कार्ड संगणकात बसवले की वर्डस्टार, डीबेस असे डॉसवरचे इंग्रजी प्रोग्रॅम मराठीत वापरता येत. प्रोग्रॅमला वाटे की आपण नेहमीचीच अक्षरे हाताळतो आहोत. प्रत्यक्षात कार्ड मध्ये उभे राहून पडद्यावर देवनागरी उमटवत असे. परिचित प्रोग्रॅम सोडायचा नाही, लिपी तेवढी बदलायची. आतला साठाही शहाणपणाचा होता. 'क' ला एक क्रमांक, काना-वेलांटीला त्यांचे, आणि अक्षरे उच्चाराच्या क्रमाने. हीच रचना १९९१ मध्ये 'इस्की' नावाने भारतीय मानक झाली.

मग विंडोज आले आणि कार्डाचा उपयोग संपला, कारण विंडोज पडद्यावर अक्षरे स्वतः रेखाटते. पेजमेकरसारख्या प्रोग्रॅमला देवनागरीची जोडाक्षरे कळत नव्हती. तेव्हा फॉन्टची युक्ती निघाली. इंग्रजी अक्षरांच्या अडीचशेच्या आतल्या खणांत देवनागरीचे तुकडे भरायचे: इथे अर्धा 'स', तिथे रफार, पलीकडे काना. संगणकाच्या लेखी तो इंग्रजी मजकूरच. चेहरा तेवढा मराठी. सी-डॅकचे आयएसएम, श्रीलिपी, आकृती अशा पॅकेजांनी या युक्तीवर मराठी मुद्रणाचे दिवस पालटले, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. शिसाचे खिळे गेले, फोटोटाइपसेटिंगची महागडी यंत्रे गेली. दोन टेबलांच्या दुकानात दिवाळी अंक जुळू लागला. पण प्रत्येक कंपनीचे खण वेगळ्या क्रमाने भरलेले. एकीचा 'क' जिथे, तिथे दुसरीचा भलताच कोणी. फॉन्ट नसेल तर त्याच फाइलीत इंग्रजी अक्षरे आणि अधूनमधून फ्रेंच-जर्मनांचे टोपीवाले वर्ण दिसतात.

पेजमेकर १९८५ चे, आल्डस कंपनीचे. पुढे ते अॅडोबीकडे गेले आणि २००१ च्या सातव्या आवृत्तीनंतर त्याची वाढ थांबली. त्याला युनिकोड कधीच आले नाही. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरी विंडोज २००० पासून होती, तरी दुकाने जागची हलली नाहीत. का हलावीत? प्रोग्रॅम येत होता, फॉन्ट देखणे होते, छापखान्याला तेच चालत होते. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी काढलेला 'मनोरंजन'चा दिवाळी अंक हाती आला तर वाचायला डोळ्यांखेरीज काही लागत नाही. १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांतल्या अंकांच्या फाइली वाचायला मात्र ठरावीक प्रोग्रॅम लागतो, ठरावीक फॉन्ट लागतो आणि ते चालतील असे यंत्र लागते. इंग्रजी मजकुराचे असे झाले नाही. विज्ञानकथा लिहिणारे कॅनडाचे रॉबर्ट सॉयर यांनी २०२४ मध्ये डॉसवरच्या वर्डस्टारची अखेरची आवृत्ती, ती आजच्या संगणकावर चालवणाऱ्या साधनांसह, सर्वांसाठी खुली ठेवली. त्यांना त्यातच लिहायला आवडते म्हणून. वर्डस्टार नाही मिळाला तरी त्या फाइलीतले इंग्रजी शब्द कोणत्याही यंत्रावर ओळखू येतात. आमची फाइल प्रोग्रॅमशिवाय मुकी.

काकांची सीडी मी घरी आणली. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. त्यात वाइन टाकून पेजमेकर ६.५ चढवले. एका जुन्या प्रोग्रॅममध्ये काकांनी हिशेब ठेवला होता, तोही उघडून पाहिला. तो १६ बिटी निघाला. इथे एक मौजेची गोष्ट कळली. आजचे ६४ बिटी विंडोज १६ बिटी प्रोग्रॅमना दारातही उभे करत नाही. वाइन मात्र त्यांना अजून घरात घेतो. विंडोजचा पोरका मुलगा शेजाऱ्याकडे वाढतो आहे.

पेजमेकर उघडले. मेन्यूतली अक्षरे किंचित सरकलेली, बाकी ठीक. फाइल उघडल्यावर टोपीवाल्या वर्णांची गर्दी. काकांकडचा फॉन्ट वाइनच्या फोल्डरात टाकला, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला आणि मथळ्यासकट कथा समोर आली, चोवीस वर्षांपूर्वी सोडली होती तशी. टंकन अर्थातच होईना. त्याला लॉक हवे, आणि लॉक लावायला माझ्या लॅपटॉपला जागा नाही. दुभाषा प्रोग्रॅमची बोली सांभाळतो, प्लॅस्टिकच्या काडेपेटीला तो काय करणार?

पण वाचता येत होते, मजकूर बाहेर काढता येत होता. तो युनिकोडमध्ये आणताना खरी कसोटी लागली. फॉन्टच्या दुनियेत अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. 'किती' मध्ये पहिली वेलांटी आधी आणि 'क' नंतर. युनिकोडमध्ये, इस्कीप्रमाणेच, 'क' आधी. 'कार्य' मधला रफार फॉन्टमध्ये 'य' च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये 'य' च्या आधी. रूपांतर करणारी साधने हे बहुतेक वेळा बरोबर करतात, पण काकांनी ओळ बसावी म्हणून हाताने घातलेली अर्धी अक्षरे, दोनदा उमटवलेला अनुस्वार, सुबक दिसावी म्हणून दुसऱ्याच खणातून आणलेली वेलांटी, हे कोणत्या साधनाला कळणार? छापील अंक शेजारी ठेवून आम्ही दोघे तीन दिवस ओळ ओळ ताडून पाहत बसलो. एके ठिकाणी अंकात 'धर्म' छापले होते आणि फाइलीत 'घर्म'. काकांनी कपाळावर हात मारला. छापखान्यात निगेटिव्हवर ते रात्री ब्लेडने खरवडून दुरुस्त केल्याचे त्यांना आठवले. फाइल दुरुस्त करायची राहून गेली होती.

पुस्तक मार्चमध्ये निघाले. दुकानातल्या एका नव्या संगणकावर मी आता काकांना लिनक्स आणि वाइन बसवून दिले आहे. पेजमेकर त्यावर उघडते हे त्यांनी चार वेळा बंद-चालू करून खात्री करून घेतले. सीड्यांचा डबा त्यांनी टेबलावर आणून ठेवला आहे. रोज दुपारी एक सीडी असा क्रम चालू आहे. काही वाचता येतात, काहींवर बुरशी आली आहे. मेलेल्या चौथ्या संगणकातून ते छोटे लॉक काढून त्यांनी गल्ल्यात ठेवले आहे, आणि जुन्या बाजारात प्रिंटरची खोबण असलेली मशीन कोणाकडे दिसली तर कळवा, असे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतात.